पाळीव कुत्रीची नसबंदी कुठे करून घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नसबंदी करायची हे घरात पक्कं झालं की पुढचा प्रश्न येतो, कुठे? ओळखीचे डॉक्टर जवळच असतात, कोणीतरी लांबच्या मोठ्या रुग्णालयाचं नाव सुचवतं आणि एखाद्या संस्थेचं शिबिर अगदी कमी खर्चात करून देत असतं. हेच प्रश्न मला लोक पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. वैद्यकीय निर्णय तुमच्या पशुवैद्यांचाच. त्यांच्याशी बोलायला जाण्याआधी तुम्हाला जे माहीत असावं असं मला वाटतं, ते इथे आहे.

सगळ्यात आधी काय बघायचं?

भूल दिल्यापासून ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण असणार आहे, हे. इमारत, चकचकीत फरशी, यंत्रांचे फोटो हे सगळं त्यानंतर.

नसबंदी ही पशुवैद्यकात रोज होणारी शस्त्रक्रिया असली तरी ती पोट उघडून, पूर्ण भुलीखाली केली जाते. ब्रिटनमध्ये जवळपास एक लाख कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी तपासून २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण साधारण दोन हजारांत एक निघालं. धोका लहान आहे, घाबरून जाण्यासारखा नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मृत्यूंपैकी जवळपास निम्मे शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर झाले होते आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. म्हणजे टाके घालून झाले, डॉक्टर हात धुवायला गेले, कुत्री पिंजऱ्यात ठेवली, आता काळजी नाही असं सगळ्यांना वाटतं, तेव्हा.

शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टरांचे हात आणि डोळे पोटात गुंतलेले असतात. श्वास मंदावला, हिरड्या फिक्या पडल्या, अंग गार पडू लागलं, तर ते टिपायला दुसरा प्रशिक्षित माणूस हवा, आणि तोच माणूस नंतर ती मान उचलून बसेपर्यंत जवळ हवा. या एका प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर मी त्या ठिकाणी बाकीचे प्रश्न विचारत बसणार नाही.

फोनवर नेमकं काय विचारायचं? डॉक्टरांना वाईट नाही का वाटणार?

चांगल्या डॉक्टरांना वाईट वाटत नाही. उलट, समोरचा माणूस विचार करून आला आहे हे पाहून बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात. चिडून "आमच्यावर विश्वास नाही का?" असं कोणी म्हणालं, तर तेही एक उत्तरच समजा.

मी असे प्रश्न विचारायला सांगते. भूल सांभाळायला वेगळा माणूस असतो का, आणि त्याचं प्रशिक्षण काय? श्वासनलिकेत नळी घालता का? ऑक्सिजन असतो का? शस्त्रक्रियेआधी शिरेत सुई लावून ठेवता का? काही झालं तर औषध शिरेतून तत्काळ देता यावं म्हणून ती आधीच लावलेली हवी; ऐन वेळी रक्तदाब पडल्यावर शीर सापडत नाही. ऑक्सिजनचं प्रमाण, हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि तापमान यांपैकी काय काय मोजता? प्रत्येक कुत्र्यासाठी निर्जंतुक केलेला वेगळा उपकरणसंच वापरता का? वेदनाशामक कधी देता आणि घरी किती दिवसांचं देता? शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार, तुम्ही की बाहेरून येणारे सर्जन? आणि शेवटचा, रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल?

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी अशा किती केल्या आहेत, हेही खुशाल विचारा. हा हात बसण्याचा भाग आहे. नियमितपणे करणाऱ्या डॉक्टरांची चीर लहान असते, वेळ कमी लागतो आणि भूलही तितकी कमी वेळ द्यावी लागते.

लसी जिथे घेतो त्याच डॉक्टरांकडे करावी का?

ते नियमित शस्त्रक्रिया करत असतील तर पहिली पसंती तीच. त्यांना तिचा इतिहास माहीत आहे, तिलाही त्यांचा वास आणि आवाज ओळखीचा आहे आणि नंतर काही वाटलं तर पटकन दाखवता येतं. पण उत्तम औषधोपचार करणारा प्रत्येक डॉक्टर शस्त्रक्रिया करतोच असं नाही, आणि त्यात कमीपणाही काही नाही. "आमच्याकडे भुलीची पुरेशी सोय नाही, तुम्ही अमुक ठिकाणी जा" असं सांगणारे डॉक्टर तर आयुष्यभर धरून ठेवावेत.

संस्थेच्या केंद्रात किंवा शिबिरात स्वस्तात होते. म्हणजे काम कच्चं असतं का?

नाही, आणि हा गैरसमज मनातून काढून टाकायला हवा. जी केंद्रं फक्त नसबंदीच करतात तिथले सर्जन ही एकच शस्त्रक्रिया रोज अनेकदा करतात. अमेरिकेतल्या अशाच एका केंद्रातल्या सत्तर हजारांहून अधिक कुत्र्या-मांजरांच्या नोंदी २०१७ साली प्रसिद्ध झाल्या, त्यात मृत्यूचं प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन होतं. नीट चालवलेलं केंद्र एखाद्या महागड्या दवाखान्याइतकं किंवा त्याहून सुरक्षित असू शकतं.

"नीट चालवलेलं" यावर सगळं अवलंबून आहे. एका दिवसात किती शस्त्रक्रिया होतात त्यापेक्षा त्या दिवशी माणसं किती आहेत हे विचारा. शुद्धीवर येणाऱ्या कुत्र्यांकडे बघायला स्वतंत्र माणूस आहे का? हातमोजे आणि उपकरणं प्रत्येक वेळी बदलतात का? आधी डॉक्टर प्रत्येकीला स्वतः तपासतात का, की नाव लिहून थेट सुई? ताप असलेली, अशक्त किंवा गाभण कुत्री ते परत पाठवतात का? जे केंद्र कधीच कुणाला परत पाठवत नाही, त्याची मला धास्ती वाटते.

मर्यादाही ओळखून असा. तरुण, निरोगी, मध्यम आकाराच्या कुत्रीसाठी असं केंद्र उत्तम. म्हातारी, खूप लठ्ठ, हृदयाचा आजार असलेली किंवा चपट्या नाकाची असेल, तर तिला जास्त साधनं आणि जास्त वेळ देणारी जागा हवी. बरीच केंद्रं रात्री बंद असतात, म्हणून रात्री अडचण आली तर कुठे जायचं हे आधीच ठरवून ठेवा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. भटक्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या ठिकाणी नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापतात किंवा कानाला खाच पाडतात. काही ठिकाणी पोटावर छोटी हिरवी रेघ गोंदवतात. रेघेला हरकत नाही, पुढे कधी हरवली तर उपयोगीच पडते. पण कान कापायचा नसेल तर ती पाळीव आहे हे अर्जावर लिहून द्या आणि सोडताना तोंडीही सांगा.

एकाच शस्त्रक्रियेच्या दरात इतका फरक कसा?

कारण दरात काय धरलं आहे ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. एका आकड्यात रक्ततपासणी, सलाइन, गॅसची भूल, वेदनाशामक, घरची औषधं, टाके चाटू नयेत म्हणून घालायची गळ्यातली कॉलर आणि टाके काढणं हे सगळं येतं, दुसऱ्या आकड्यात फक्त शस्त्रक्रिया. कुत्रीच्या वजनानुसार भूल आणि औषधं वाढतात, म्हणून मोठ्या कुत्रीला जास्त पडतं. माजावर असेल किंवा गाभण निघाली तर काही ठिकाणी वेगळी रक्कम घेतात. संस्थांना देणग्या आणि अनुदान मिळतं, त्यामुळे त्यांचा कमी दर हा बहुतेक वेळा मदतीतून आलेला असतो.

यादी मागा. दोन ठिकाणच्या याद्या शेजारी ठेवल्या की स्वस्त वाटणारं ठिकाण कधी कधी महाग निघतं. काटकसर करायचीच असेल तर एकाच दिवशी मायक्रोचिप बसवणं वगैरे पुढे ढकला, वेदनाशामक आणि भुलीवरची देखरेख यांत मात्र काटकसर करू नका.

परवडतच नाही. मग?

लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अनेक जण हप्ते करून देतात किंवा सवलतीच्या केंद्राचं नाव सुचवतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयं जिथे आहेत तिथे त्यांच्या रुग्णालयांतही चौकशी करा. तिथे विद्यार्थी काम शिकत असतात, पण अनुभवी प्राध्यापक शेजारी उभे असतात. वेळ थोडा जास्त लागतो, देखरेख मात्र सहसा चांगली असते. काही महिने थांबून पैसे साठवणं हाही मार्ग आहे, फक्त तेवढ्या काळात माजावर आली तर तिला नराच्या वाऱ्यालाही उभं करू नका.

आधी रक्ततपासणी लागतेच का?

तरुण आणि धडधाकट कुत्रीत डॉक्टर कधी कधी फक्त अंगतपासणीवर काम करतात, ते चूकच आहे असं नाही. पण परवडत असेल तर करून घ्या. रक्तातल्या पेशी, मूत्रपिंड, यकृत, साखर आणि प्रथिनं एवढं पुरेसं होतं. भुलीची बरीचशी औषधं यकृत आणि मूत्रपिंडातूनच बाहेर टाकली जातात.

गोचिडांचा उपद्रव असलेल्या भागात राहत असाल तर प्लेटलेटची मोजणी टाळू नकाच. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियासारख्या आजारात कुत्री वरून खेळती दिसते आणि आत प्लेटलेट खाली आलेल्या असतात. अशा कुत्रीचं पोट उघडलं की रक्त थांबता थांबत नाही. सात वर्षांपुढच्या कुत्रीला, किंवा छातीत आवाज ऐकू येत असेल तर, हृदयाची तपासणीही हवी.

भूल इंजेक्शनची चांगली की गॅसची?

ज्यावर डॉक्टरांचा हात बसलेला आहे आणि ज्यावर नीट लक्ष ठेवलं जातं, ती. तरीही गॅसच्या भुलीचा एक मोठा फायदा आहे. आयसोफ्लुरेन किंवा सेवोफ्लुरेन श्वासावाटे जातं, त्यामुळे मात्रा क्षणाक्षणाला कमी-जास्त करता येते आणि गॅस बंद केला की कुत्री लवकर शुद्धीवर येते. त्यासाठी श्वासनलिकेत नळी घातलेली असते, म्हणजे श्वासाचा मार्ग सुरक्षित राहतो आणि ऑक्सिजनही सतत मिळतो. इंजेक्शनची मात्रा एकदा आत गेली की ती उतरण्याची वाट बघावी लागते. उलट परिणाम करणारी औषधं काहींना आहेत, सगळ्यांना नाहीत.

नेहमीचा क्रम असा असतो. आधी शांत करणारं आणि वेदना कमी करणारं इंजेक्शन, मग शिरेतून प्रोपोफॉलसारखं औषध, मग नळी, मग गॅस. फक्त इंजेक्शनवर करणार असतील तर नळी आणि ऑक्सिजन हाताशी आहे का एवढं विचारा. बोटावर लावतात तसा चिमटा जिभेला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात, तो आकडा ९५ टक्क्यांच्या वर हवा. तापमानही बघायला हवं. भुलीत कुत्र्याचं अंग झपाट्याने गार पडतं, लहान पिल्लांचं तर फारच, आणि गार पडलेली कुत्री उशिरा शुद्धीवर येते. खाली उबदार गादी आहे का हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी का?

जखमा अगदी छोट्या, पहिल्या दोन-तीन दिवसांतला त्रास कमी आणि चालणं-फिरणं लवकर सुरू, हे फायदे खरे आहेत. उड्या मारल्याशिवाय राहूच न शकणाऱ्या मोठ्या कुत्रीसाठी ते जास्त जाणवतात. यात पोटात वायू भरून जागा करतात आणि सहसा फक्त अंडाशय काढतात. खर्च जास्त येतो, साधनं मोजक्या ठिकाणी असतात. आत रक्तस्राव झाला तर पोट उघडावंच लागतं, त्यामुळे उघडी शस्त्रक्रियाही त्याच डॉक्टरांना चांगली येत असली पाहिजे.

माझं मत विचाराल तर अनुभवी हातांची साधी शस्त्रक्रिया ही नवशिक्या हातांच्या दुर्बिणीपेक्षा कधीही चांगली.

काही डॉक्टर फक्त अंडाशय काढतात, काही गर्भाशयही. बरोबर कोण?

दोघंही. दोन्ही अंडाशय पूर्ण निघाली की माज थांबतो आणि संप्रेरकं नसल्यामुळे गर्भाशयात पू होण्याचा धोकाही संपतो. पुढे लघवी गळण्याच्या तक्रारीतही दोन पद्धतींत फरक आढळलेला नाही. गर्भाशय आजारी दिसलं किंवा कुत्री वयस्कर असली तर तेही काढतात. अंडाशयाचा तुकडा आत राहू नये, हे मात्र दोन्हींत सारखंच महत्त्वाचं. तसा तुकडा राहिला तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा माजाची लक्षणं दिसतात आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

माझ्याकडे विशिष्ट जातीची कुत्री आहे. जागा निवडताना काही फरक पडतो का?

काही जातींत खूपच पडतो. पग, बुलडॉग, शित्झू यांचा श्वासमार्ग अरुंद असतो. त्यांना धोका भूल देताना असतोच, पण नळी काढल्यावर जास्त असतो. अशा कुत्र्या नळी तोंडात असतानाही आरामात पडून राहतात, आणि जाणकार डॉक्टर ती पूर्ण जागी होईपर्यंत नळी काढत नाहीत. अशा कुत्रीला घाईच्या ठिकाणी नेऊ नका.

डॉबरमनमध्ये रक्त न गोठण्याचा एक आनुवंशिक आजार आढळतो, फॉन विलेब्रँड नावाचा. शस्त्रक्रियेआधी त्याची चाचणी मागा. कॉली आणि तिच्या जवळच्या मेंढपाळ जातींत एका जनुकातल्या बदलामुळे काही शामक औषधं नेहमीच्या मात्रेत जास्त चढतात. ग्रेहाउंड आणि तशा सडपातळ शिकारी जाती काही भुलींतून उशिरा शुद्धीवर येतात आणि शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनीही त्यांना रक्तस्राव होऊ शकतो. "या जातीसाठी काही वेगळं करता का?" एवढा एकच प्रश्न टाका. डॉक्टरांना विषय माहीत असेल तर ते स्वतःच बोलू लागतात.

मिश्र जातीची गावठी कुत्री असेल तर यातलं बहुतेक काही लागू नाही.

कोणत्या वयात? माजावर असताना केली तर चालते का?

लहान जातींत सहसा पहिल्या माजाआधी, पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करतात. मोठ्या जातींत हाडं आणि सांधे वाढून होईपर्यंत थांबण्याचा सल्ला हल्ली दिला जातो, म्हणून पाच ते पंधरा महिने असा लांब पट्टा सांगतात. त्यात नेमकं कधी, हे जात, वजन आणि घरातली परिस्थिती पाहून ठरतं. शेजारी मोकळा नर असेल तर थांबण्याचं गणितच बदलतं.

माजावर असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्रावाची शक्यता वाढते. म्हणून तातडी नसेल तर माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबतात. एवढं थांबल्याने खोट्या गाभणपणाचा त्रासही टळतो. माजाची तारीख न विचारता कोणी पुढच्याच आठवड्याची वेळ दिली, तर ती तारीख तुम्हीच सांगा.

एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग नसबंदी करावी असं म्हणतात.

त्याने तिच्या तब्येतीला कोणताही फायदा होत नाही. स्तनाच्या गाठींपासून मिळणारं संरक्षण उलट लवकर केलेल्या नसबंदीत जास्त असल्याचं मानलं जातं, जरी त्यामागचा पुरावा फार भक्कम नाही असं २०१२ सालच्या एका आढाव्यात म्हटलं आहे. गर्भाशयात पू होण्याच्या बाबतीत मात्र शंका नाही. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींनुसार नसबंदी न केलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा दहा वर्षांच्या आत या आजाराने गाठला जातो.

तोच आजार झाला तर कुठे न्यायचं?

जे ठिकाण आत्ता, या क्षणी शस्त्रक्रिया करू शकेल तिथे. माज संपून काही आठवडे झाले आहेत, कुत्री खूप पाणी पिते आहे, खात नाही, मागून घाण येते आहे किंवा पोट फुगलं आहे, तर शिबिराच्या तारखेची वाट पाहू नका. घाण बाहेर येत नसेल तर परिस्थिती जास्त गंभीर असू शकते, कारण पू आतच साठतो. अशा वेळी सलाइन, प्रतिजैविकं आणि रात्रभराची देखरेख देणारं रुग्णालयच हवं.

जाऊन प्रत्यक्ष बघता येतं का? काय बघू?

येतं, आणि बघाच. शस्त्रक्रियेची खोली निर्जंतुक असल्याने आत सोडणार नाहीत, तो आग्रह धरू नका. ज्या जागी कुत्री शुद्धीवर येतात ती जागा दाखवा म्हणा. कोरडी, उबदार, माणसाच्या नजरेच्या टप्प्यात आहे का? मांजरं आणि कुत्री वेगळी आहेत का? फरशीला डेटॉलचा वास आहे की मुताचा? तिथली माणसं प्राण्यांना कसं हाताळतात, ओढतात की बोलून जवळ घेतात, हे पाच मिनिटांत कळतं. मला हे दृश्य कुठल्याही प्रमाणपत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ऑनलाइन अभिप्रायांवर किती विसंबायचं?

थोडंच. "डॉक्टर फार गोड बोलतात" याने भूल सुरक्षित होत नाही. नसबंदी करून आणलेल्यांशी प्रत्यक्ष बोला आणि विचारा, घरी आणली तेव्हा ती कशी होती, रात्री फोन केल्यावर कोणी उचलला का, अडचण आली तेव्हा ते कसे वागले. अडचण कुठेही येऊ शकते. ती आल्यावर जबाबदारी घेणारे डॉक्टर शोधा.

लांबचं चांगलं ठिकाण की जवळचं बरं ठिकाण?

"बरं" म्हणजे वर सांगितलेली देखरेख असेल तर जवळचं. शस्त्रक्रियेच्या दिवशी लांबचा प्रवास, त्यात ओकाऱ्या आणि हादरे, हे तिच्या टाक्यांना सोसत नाही. देखरेखच नसेल तर लांब जा. मात्र पहिली रात्र त्याच भागात काढायची सोय करा, आणि टाके तपासायला जवळचे डॉक्टर तयार आहेत का ते विचारून ठेवा.

रात्री तिथेच ठेवावी का?

आधी विचारा की रात्री तिथे माणूस असतो का. पुष्कळ ठिकाणी रात्री कुलूप लागतं. कुलूपबंद खोलीत एकटी राहण्यापेक्षा ती घरी, तुमच्या डोळ्यांसमोर असणं केव्हाही सुरक्षित. जिथे रात्रपाळीचा माणूस खरोखर असतो तिथे म्हाताऱ्या किंवा गुंतागुंतीच्या कुत्रीला ठेवणं योग्य.

घरी नेताना ती स्वतः उभी राहते आहे, अंग गरम आहे, हाक मारल्यावर बघते आहे, एवढं पाहूनच ताब्यात घ्या. अर्धवट गुंगीत असलेली कुत्री कोणी हातात देऊ लागलं तर नम्रपणे सांगा, आम्ही अजून थांबतो.

डॉक्टर म्हणाले वेदनाशामकाची गरज नाही, कुत्र्यांना सहन होतं.

मग दुसरे डॉक्टर बघा. कुत्र्यांना वेदना होतात, ती फक्त दाखवत नाहीत. शस्त्रक्रियेआधी दिलेलं वेदनाशामक आणि घरी काही दिवस मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखं औषध ही आजची सर्वसाधारण पद्धत आहे. घरातली माणसांची गोळी मात्र स्वतःहून कधीही देऊ नका, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे.

घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं, आणि कोणाला फोन करायचा?

त्या रात्री थोडी गुंगी, थोडं कमी खाणं, नळीमुळे हलका खोकला हे चालतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट फुगू लागलं, टाक्यांतून रक्त ठिबकतंच आहे, सतत उलट्या होत आहेत किंवा दुसऱ्या दिवशीही ती उठत नाही, तर सकाळची वाट न बघता निघा. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघडं असणाऱ्या रुग्णालयाचा नंबर, दोन्ही आधीच फोनमध्ये हवेत.

पुढचे दहा ते चौदा दिवस उड्या, जिने, पळापळ आणि आंघोळ बंद. चाटणं थांबवायला गळ्यात कॉलर हवीच. ती केविलवाणी बघते म्हणून काढू नका, एका रात्रीत टाके उसवतात. टाके विरघळणारे आहेत की काढायचे, हे निघतानाच विचारून घ्या. बरी झाल्यावर तिला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरतं, त्यामुळे वाटी थोडी कमी करा.

त्याच भुलीत आणखी काही करून घेता येतं का?

हो. बेंबीचा हर्निया असेल तर तो शिवून होतो, न पडलेले दुधाचे दात काढून होतात, मायक्रोचिप बसते. लहान जातींत ते दुधाचे दात फार राहतात, म्हणून तारीख ठरवतानाच तोंड उघडून दाखवा. हे सगळं त्या ठिकाणी होतं का, हेही निवडीत धरायला हरकत नाही.

सगळं ठरलं होतं, आणि ऐन दिवशी डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. ठिकाण बदलू का?

बदलू नका. ताप, हिरड्यांचा फिकेपणा, छातीतला आवाज किंवा कमी प्लेटलेट दिसल्यावर जो डॉक्टर ठरलेलं काम थांबवतो, त्याच्याकडेच उपचार करून पुढची तारीख घ्या. रजा टाकलेली असते, कुत्री रात्रीपासून उपाशी असते, चिडचिड होते हे मला ठाऊक आहे. तिला घरी आणा, जेवू घाला, आणि दिलेलं औषध पूर्ण करा.